वजनकाटा आणि रक्ताची नळी : अतिक्रियाशील थायरॉईडच्या उपचारांचा इतिहास

१/
रुग्ण दोन माणसांचे अन्न खातो आणि तरीही वाळत जातो. छाती धडधडते, बोटे थरथरतात, थंडीतही अंगाला घाम सुटतो, झोप उडते. उपचार सुरू झाले की काही आठवड्यांत धडधड शमते, अंग भरू लागते. पुढे काही महिन्यांनी तोच रुग्ण उलटी तक्रार घेऊन येतो : वजन आता वाढतच चालले आहे. अतिक्रियाशील थायरॉईडच्या, म्हणजे अवटू ग्रंथीच्या, इतिहासात या दोन्ही तक्रारींना स्थान आहे. वजन घटले की रोग आणि वाढले की गुण, हे समीकरण वैद्यकाने कसे मांडले, ते कुठे अपुरे पडले आणि रक्तातील दाहाच्या खुणा या कथेत केव्हा आल्या, याचा हा धागा.

२/
गळ्यावरची सूज माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होती. सुश्रुतसंहितेत गलगंडाचे वर्णन आहे. आल्प्सच्या खोऱ्यांत ही सूज इतकी सार्वत्रिक होती की तिच्याकडे रोग म्हणून पाहिलेही जात नसे. मात्र ही ग्रंथी शरीरात नेमके काय करते, हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत कोणालाच सांगता येत नव्हते. त्यामुळे गळ्याची सूज, हृदयाची धडधड आणि शरीराचे झिजणे ही तीन लक्षणे एकाच रुग्णात दिसली, तरी ती एकाच मुळाची आहेत असे मानायला काही आधार नव्हता. इतिहासातील पहिला प्रश्न उपचाराचा नव्हताच. या तीन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे आधी कोणीतरी पाहायला हवे होते.

३/
तो संबंध पाहणाऱ्यांत इंग्लंडमधील बाथ या गावचा वैद्य केलेब हिलिअर पॅरी पहिला. १७८६ साली त्याने अशी पहिली रुग्ण पाहिली. पुढे आणखी रुग्ण जमले, पण त्याची टिपणे त्याच्या मृत्यूनंतर, १८२५ साली प्रसिद्ध झाली. त्याच्या नोंदींत एकवीस वर्षांची एक तरुणी आहे. उतारावरून वेगाने येताना ती चाकाच्या खुर्चीतून फेकली गेली. फारशी इजा झाली नाही, पण जबर भीती बसली आणि त्यानंतर धडधड व गळ्याची सूज सुरू झाली. पॅरीने ग्रंथीची सूज आणि हृदयविकार यांची सांगड घातली. मूळ दोष मात्र त्याने हृदयात आणि रक्ताभिसरणात शोधला.

४/
१८३५ साली डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज यांनी तीन स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. एकीच्या हृदयाचे ठोके छातीपासून चार फुटांवरही ऐकू येत, असे त्यांनी नोंदवले. ग्रेव्हज यांनीही कारण हृदयाशी जोडले, आणि स्त्रियांच्या ‘हिस्टेरिया’शीही त्याचे नाते असावे असे सुचवले. हा शेवटचा शेरा लक्षात ठेवण्याजोगा आहे. हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी पटींनी अधिक आढळतो. थरथर, चिडचिड, निद्रानाश आणि वजन घटणे ही लक्षणे घेऊन आलेल्या स्त्रीला ‘भित्री’ किंवा ‘चंचल’ ठरवून परत पाठवणे त्या काळी सोपे होते. रोगाला नाव मिळाले तरी रुग्णाच्या शब्दाला वजन मिळायला बराच काळ जावा लागला.

५/
जर्मनीतील मेर्झेबुर्गच्या कार्ल फॉन बाझेडो यांनी १८४० साली तीन लक्षणे एकत्र मांडली : बाहेर आलेले डोळे, गळ्याची सूज आणि धडधड. हे ‘मेर्झेबुर्ग त्रिक’ म्हणून ओळखले जाऊ लागले, आणि युरोपच्या बऱ्याच भागांत हा रोग आजही त्यांच्याच नावाने सांगितला जातो. पुढे त्यांनी या रोगासाठी जो शब्द वापरला, त्यात ‘कॅखेक्सी’ हे पद होते. त्याचा अर्थ शरीराचे क्षयासारखे झिजणे. त्यांच्या त्रिकात वजनाचा समावेश नव्हता, पण रोगाच्या नावातच झिजणे आले. वजन हे या रोगाचे एक मुख्य लक्षण आहे, याची ही सुरुवातीची कबुली मानता येईल.

६/
उपचाराची कथा मात्र याआधीच सुरू झाली होती आणि तिची सुरुवात गोंधळात टाकणारी आहे. १८११ साली बर्नार कूर्त्वा यांना समुद्री शेवाळाच्या राखेतून आयोडीन सापडले. १८२० साली जिनिव्हाचे वैद्य जाँ-फ्रान्स्वा क्वांदे यांनी गलगंडावर आयोडीन द्यायला आरंभ केला. अनेकांची सूज ओसरली. पण काही रुग्णांना धडधड सुटली, झोप उडाली आणि ते वेगाने वाळू लागले. क्वांदे यांनी हे प्रामाणिकपणे नोंदवले आणि दोष आयोडीनच्या विषारीपणाला दिला. आज या नोंदी वाचताना दिसते ते वेगळेच : वर्षानुवर्षे आयोडीनसाठी आसुसलेल्या ग्रंथीला ते अचानक मिळाले आणि काहींच्या ग्रंथी बेभान होऊन संप्रेरक तयार करू लागल्या.

७/
चार दशकांनी पॅरिसमध्ये याच्या नेमके उलट घडले. आर्मां त्रुसो हे तेथील नामांकित वैद्य. नाडीचे ठोके दीडशेच्या घरात गेलेल्या एका तरुण स्त्रीला त्यांना डिजिटॅलिस द्यायचे होते. मनात आयोडीनचा विचार घोळत असल्याने हातून आयोडीनचा अर्क लिहिला गेला. पुन्हा तपासले तेव्हा नाडी नव्वदवर आली होती. चूक लक्षात येताच त्यांनी आयोडीन बंद करून ‘योग्य’ औषध सुरू केले आणि नाडी पुन्हा दीडशेवर गेली. त्रुसो यांनी ही चूक लपवली नाही, ती आपल्या व्याख्यानांत सांगितली. तरीही या निरीक्षणाचा पद्धतशीर उपयोग होण्यासाठी साठ वर्षे वाट पाहावी लागली.

८/
एकच पदार्थ रोग निर्माण करतो आणि एकच पदार्थ रोग आवरतो, हे कोडे १९४८ साली यान वोल्फ आणि इस्रायल चायकॉफ यांच्या प्रयोगांनी बऱ्याच अंशी उलगडले. आयोडीन एकदम मोठ्या प्रमाणात मिळाले की ग्रंथी संप्रेरक घडवणे तात्पुरते थांबवते. ही रोख काही दिवसच टिकते. म्हणजे क्वांदे यांच्या रुग्णांची ग्रंथी आणि त्रुसो यांच्या रुग्णाची ग्रंथी मुळातच वेगळ्या अवस्थेत होत्या. दोघांनीही जे पाहिले ते खरे होते. इतिहासात परस्परविरोधी साक्षी मिळाल्या की त्यांपैकी एक खोटी असलीच पाहिजे असे नाही, हे या उदाहरणातून चांगले समजते.

९/
ग्रंथीचे काम उघड झाले ते शस्त्रक्रियेच्या एका दुःखद परिणामातून. बर्नचे टेओडोर कोखर गलगंड काढण्यात निष्णात होते. १८८२ साली जिनिव्हाच्या जाक-लुई रेव्हेर्दां यांनी त्यांना सांगितले की संपूर्ण ग्रंथी काढलेले काही रुग्ण पुढे खंगत आहेत. कोखर यांनी आपल्या जुन्या रुग्णांना परत बोलावले. संपूर्ण ग्रंथी काढलेल्यांपैकी १८ जण तपासता आले आणि त्यांतले १६ जण सुजलेले, मंदावलेले, गारठलेले आढळले. १८८३ साली त्यांनी हे जाहीर केले. या अवस्थेला त्यांनी नाव देताना ‘कॅखेक्सिया’ हाच शब्द वापरला. झिजणाऱ्यांचा आणि फुगणाऱ्यांचा रोग एकाच नावाने ओळखला गेला, कारण ग्रंथीच वजनाची सूत्रे हलवते हे अजून नीट उमगले नव्हते. कोखर यांना १९०९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

१०/
१८८६ साली लाइपझिगच्या पाउल म्योबियुस यांनी सुचवले की बाझेडोच्या रोगात ग्रंथीचा स्राव अतिरेकी होत असावा. पुराव्याची दुसरी बाजू १८९१ साली इंग्लंडमधील न्यूकॅसलहून आली. जॉर्ज मरे यांनी ग्रंथी निकामी झालेल्या ४६ वर्षांच्या एका स्त्रीला मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचला. तिची सूज उतरली, वाणी परतली, वजन घटले. ती आणखी २८ वर्षे जगली आणि तेवढ्या काळात तिच्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. स्राव नसला तर शरीर जड होते आणि तो दिला तर उतरते, हे आता उघड झाले. मग तो जास्त झाला तर काय होत असेल, याचे उत्तर फार दूर नव्हते.

११/
ते उत्तर प्रयोगशाळेतून आले. १८९३ साली फ्रीडरिश म्यूलर यांनी अशा रुग्णांचे अन्न आणि उत्सर्ग मोजून दाखवले की पुरेसे खाऊनही त्यांच्या शरीरातील प्रथिने झिजतात. १८९५ साली बर्लिनमध्ये आडोल्फ माग्नुस-लेव्ही यांनी रुग्णांचा श्वास मोजला. अतिक्रियाशील थायरॉईड असलेले रुग्ण निश्चल पडून असतानाही नेहमीपेक्षा अधिक प्राणवायू वापरत होते. ग्रंथी मंदावलेले रुग्ण कमी वापरत होते, आणि अर्क दिल्यावर त्यांचा वापर वाढत होता. भरपेट खाऊन माणूस का वाळतो याचा खुलासा मिळाला : चुलीत लाकडे घातली जात होती, पण जाळ इतका मोठा होता की घरचे वासेही त्यात जळत होते.

१२/
विसाव्या शतकाच्या आरंभी हे मोजमाप रुग्णालयात पोहोचले. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात यूजीन ड्यू बॉइस यांनी माणूस मावेल एवढ्या उष्मामापकात रुग्णांना ठेवून त्यांची उष्णता मोजली. १९१६ साली त्यांनी मांडले की गंभीर रुग्णांत विश्रांतीच्या स्थितीतला ऊर्जाव्यय सामान्यापेक्षा ५० ते ७५ टक्क्यांनी अधिक असतो, अतिगंभीर रुग्णांत त्याहूनही जास्त. पुढची तीन-चार दशके ‘मूलभूत चयापचय दर’ ही थायरॉईडची मुख्य चाचणी राहिली. रुग्णाला रात्रभर उपाशी ठेवत, सकाळी नाकाला चिमटा लावून तोंडात नळी देत आणि शांत पडून राहायला सांगत. घाबरलेल्या रुग्णाचा आकडा भीतीनेच चढे. आधीच घाबऱ्या झालेल्या या रुग्णांना ती शांतता साधणे किती कठीण जात असेल, याची कल्पना करता येते.

१३/
याच ज्ञानाची एक काळी बाजूही होती. ग्रंथीच्या अर्काने वजन उतरते हे कळताच तो लठ्ठपणावर विकला जाऊ लागला. अमेरिकेत ‘मार्मोला’ नावाच्या गोळ्या त्यासाठी प्रसिद्ध होत्या, आणि त्यांत वाळवलेली थायरॉईड ग्रंथी होती. निरोगी माणसाला पैसे घेऊन एका रोगाचे लक्षण विकले जात होते. त्यासोबत हृदयावरचा ताण आणि स्नायूंची झीज फुकट मिळत होती. सरकारी व्यापार आयोगाने जाहिरातींवर बंदी आणली, पण १९३१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. प्रतिस्पर्धी व्यापाऱ्यांचे नुकसान सिद्ध झाले नाही, हे त्याचे कारण. ग्राहकाच्या फसवणुकीला कायद्यात जागा मिळाली १९३८ साली, आणि १९४२ साली त्याच कंपनीविरुद्ध आयोगाची सरशी झाली.

१४/
इकडे रुग्णांचा मुख्य उपचार शस्त्रक्रिया हाच होता आणि तो जिवावरचा होता. भडकलेल्या ग्रंथीवर सुरी चालवली की काहींना तीव्र ताप येई, नाडी बेफाम होई आणि एक-दोन दिवसांत मृत्यू ओढवे. भीतीनेच हा वणवा पेटतो, अशी क्लीव्हलंडच्या जॉर्ज क्राइल यांची धारणा होती. ते रुग्णाला शस्त्रक्रियेचा दिवस सांगतच नसत. रोज सकाळी वाफारा म्हणून नाकावर मुखवटा धरला जाई, आणि ठरलेल्या दिवशी त्यातून खरी भूल दिली जाई. याला ‘ग्रंथी चोरणे’ म्हणत. रुग्णाचा जीव वाचावा म्हणून त्याच्यापासून सत्य लपवायचे, ही तडजोड त्या काळी दयाळूपणाची समजली जाई.

१५/
ही चोरी अनावश्यक ठरली ती मेयो क्लिनिकच्या हेन्री प्लमर यांच्यामुळे. १९२३ साली त्यांनी आणि वॉल्टर बूथबी यांनी दाखवले की शस्त्रक्रियेपूर्वी काही दिवस आयोडीनचे द्रावण दिल्यास चयापचय दर उतरतो, रुग्ण शांत होतो आणि शस्त्रक्रियेतील मृत्यू लक्षणीय प्रमाणात घटतात. त्रुसो यांच्या चुकीचे हे साठ वर्षांनी झालेले सार्थक होते. या काळात वजनाला नवे महत्त्व आले. विश्रांती आणि भरपूर आहार देऊन रुग्णाचे वजन थोडे तरी वाढवायचे, आणि ते वाढू लागले की शरीर सुरीला तयार आहे असे समजायचे. वाढते वजन ही सर्वांना हवीहवीशी खूण होती.

१६/
सुरीशिवाय उपचार शक्य झाला तो पुन्हा एका योगायोगाने. १९४०च्या दशकाच्या आरंभी बाल्टिमोरमध्ये वेगवेगळ्या कामांसाठी उंदरांना काही रसायने दिली जात होती, तेव्हा त्यांच्या थायरॉईड ग्रंथी फुगल्याचे दिसले. ही रसायने संप्रेरकाची निर्मितीच अडवत होती. बॉस्टनच्या एडविन ॲस्टवुड यांनी १९४३ साली थायोयुरिया आणि थायोयुरॅसिल ही द्रव्ये रुग्णांना देऊन गुण येतो हे प्रसिद्ध केले. त्यापाठोपाठ प्रोपिलथायोयुरॅसिल, १९४९ साली मेथिमाझोल आणि १९५०च्या दशकाच्या आरंभी लंडनमध्ये कार्बिमाझोल आले. आज भारतात ज्या गोळ्या लिहून दिल्या जातात, त्या याच घराण्यातल्या आहेत.

१७/
त्याच काळात तिसरा मार्ग आकाराला येत होता. १२ नोव्हेंबर १९३६ रोजी हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्रज्ञ कार्ल कॉम्प्टन यांचे व्याख्यान झाले. श्रोत्यांमधील सॉल हर्ट्झ या तरुण डॉक्टरांनी विचारले : आयोडीन कृत्रिमरीत्या किरणोत्सर्गी करता येईल का? ग्रंथी आयोडीन ओढून घेतेच, तर मग ते स्वतःबरोबर किरणेही आत नेईल. सशांवरील प्रयोगांनंतर १९४१ साली हर्ट्झ यांनी पहिल्या रुग्णांवर उपचार केले. युद्धामुळे ते नौदलात गेले आणि रुग्णांची जबाबदारी दुसऱ्याकडे आली. १९४६ साली एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात या उपचारावर दोन स्वतंत्र लेख आले, एक हर्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्याचा, दुसरा त्यांची जागा घेणाऱ्यांचा. हर्ट्झ १९५० साली, वयाच्या पंचेचाळिशीत वारले.

१८/
या उपचाराशी मुंबईचे नाते थेट आहे. तुर्भ्याला १९५६ साली ‘अप्सरा’ आणि १९६० साली ‘सायरस’ या अणुभट्ट्या सुरू झाल्यावर वैद्यकीय समस्थानिके देशातच बनवण्याची वाट मोकळी झाली. १९६३ साली परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर उभे राहिले. थायरॉईडची तपासणी आणि किरणोत्सर्गी आयोडीनचे उपचार यांचे ते देशातील एक प्रमुख केंद्र ठरले. किरणोत्सर्गी आयोडीनने जळलेली ग्रंथी पुढे बहुधा मंदावते आणि रुग्णाला थायरॉक्सिनची गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. कोखर यांच्या रुग्णांचीच ही अवस्था, पण आता तिच्यावर शेकडो मेंढ्या न लागणारा इलाज आहे.

१९/
आता दुसऱ्या साक्षीकडे, रक्ताच्या नळीकडे. आजारी माणसाचे रक्त उभ्या नळीत ठेवले तर तांबड्या पेशी लवकर तळाशी बसतात, हे पोलंडच्या एडमुंड बिएर्नात्स्की यांनी १८९७ साली नोंदवले. स्टॉकहोमचे रोबिन फोरेअस यांना १९१८ साली गर्भवतींच्या रक्तात तेच दिसले, आणि ही गर्भधारणेची चाचणी ठरेल असे त्यांना आधी वाटले. १९२१ साली आल्फ वेस्टरग्रेन यांनी तिची पद्धत घालून दिली : एका तासात किती मिलिमीटर. हीच आजची ईएसआर. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत विल्यम टिलेट आणि टॉमस फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात एक पदार्थ आढळला. तो आजारात दिसे आणि बरे होताच नाहीसा होई. त्यालाच पुढे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे सीआरपी, हे नाव मिळाले.

२०/
थायरॉईडच्या बाबतीत या खुणांचे मोल एका विशिष्ट रोगात कळते. कोखर यांचे शिष्य फ्रित्स द केर्व्हां यांनी १९०४ साली ग्रंथीच्या एका दाहाचे सविस्तर वर्णन केले. यात गळा दुखतो, ताप येतो, धडधड होते आणि वजनही घटते. वजनकाट्याला हा रोग आणि ग्रेव्हजचा रोग सारखेच दिसतात. पण येथे ग्रंथी जास्त संप्रेरक बनवत नसते. दाहामुळे तिच्या कोठाराच्या भिंती फुटतात आणि साठवलेला माल रक्तात सांडतो. कोठार रिकामे झाले की धडधड आपोआप थांबते. निर्मिती अडवणारी औषधे येथे निरुपयोगी, आणि ग्रंथी काढणे किंवा जाळणे हा तर अन्यायच. ईएसआर खूप चढलेली, पण ग्रंथी किरणोत्सर्गी आयोडीन जवळजवळ ओढतच नाही, ही जोडी दिसली की निदान स्पष्ट होते.

२१/
ग्रेव्हजच्या रोगात मात्र नळी बहुधा गप्प राहते. सीआरपी सहसा सामान्य पातळीतच असतो. याचा अर्थ प्रतिकारशक्तीचा येथे काही संबंध नाही, असा होत नाही. १९५६ साली न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे डंकन ॲडम्स आणि हर्बर्ट पर्व्हस यांनी रुग्णांचे रक्तद्रव गिनीपिगांना टोचले. पिट्युटरीच्या संप्रेरकासारखाच, पण उशिरा सुरू होणारा आणि दीर्घकाळ टिकणारा परिणाम त्यांना दिसला. तो घटक पुढे प्रतिपिंड निघाला. शरीराची संरक्षक यंत्रणाच ग्रंथीला अखंड चालू राहण्याची आज्ञा देत होती. हे बंड आगजाळ न करता, बनावट हुकूमनाम्याने चालते, म्हणून दाहाच्या सर्वसाधारण खुणांना ते दिसत नाही. त्यासाठी त्या प्रतिपिंडाचीच चाचणी शोधावी लागली.

२२/
ग्रेव्हजच्या रुग्णात उपचार चालू असताना सीआरपी एकाएकी चढला, तर त्याचे कारण बहुधा दुसरीकडे असते. त्यातले सर्वांत गंभीर कारण खुद्द औषधातून येऊ शकते. थायोयुरॅसिलच्या पहिल्या काही वर्षांतच दिसून आले की थोड्या रुग्णांत पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा होतात. आजच्या औषधांत हे हजारात दोन ते पाच जणांना होते. ताप आणि दुखणारा घसा ही त्याची पहिली हाक. म्हणून १९४० च्या दशकापासून आजतागायत प्रत्येक रुग्णाला तीच सूचना दिली जाते : घसा धरला आणि ताप आला, तर औषध थांबवून ताबडतोब रक्त तपासा. ज्यांच्या मृत्यूंतून ही सूचना शिकली गेली, त्यांची नावे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाहीत.

२३/
शेवटी पुन्हा वजनाकडे. औषधे, किरणे आणि थायरॉक्सिन यांच्या युगात मरणाची भीती ओसरली आणि पूर्वी ‘गुण’ समजले जाणारे वजन तक्रार बनले. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे उपचार घेतलेल्या १,३७३ रुग्णांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. उपचारांच्या काळात पुरुषांचे वजन सरासरी सुमारे ८ किलो आणि स्त्रियांचे सुमारे साडेपाच किलो वाढले होते. बहुतांश वाढ म्हणजे रोगाने नेलेले वजन परत येणे होते, पण काहींच्या बाबतीत काटा त्यापुढेही गेला. किरणोत्सर्गी आयोडीन घेतलेल्यांत वाढ किंचित अधिक होती. हा प्रश्न रुग्णांनी कितीतरी आधीपासून विचारला होता. आकड्यांत त्याचे उत्तर यायला वेळ लागला.

२४/
याची कारणे माग्नुस-लेव्ही यांच्याच मोजमापातून उमगतात. उपचाराने जाळ लवकर मंदावतो, पण महिनोन्‌महिने वाढलेली भूक आणि जेवणाची सवय तितक्या लवकर मंदावत नाही. रोगात चरबीबरोबर स्नायूही गेलेले असतात आणि तेही परत भरावे लागतात. उपचारामुळे ग्रंथी प्रमाणापेक्षा मंदावली आणि ते वेळेत लक्षात आले नाही, तर त्याची भर पडते. आणि पुष्कळांना आजारपणात कमी झालेले वजन हेच आपले खरे वजन वाटू लागलेले असते. बारीक असणे हेच सुंदर असणे, असे सांगणाऱ्या समाजात रोगाच्या काळात ‘किती छान बारीक झालीस’ असे कौतुक कानी पडते आणि बरे झाल्यावर टोमणे. वजन वाढेल या भीतीने कोणी गोळ्या सोडल्या, तर धडधड परत येते, हृदयाची लय बिघडू शकते आणि हाडे ठिसूळ होतात. मार्मोलाच्या ग्राहकांनी पैसे मोजून घेतलेलाच तो सौदा असतो.

२५/
दोनशे वर्षांच्या या कथेत वजनकाटा आणि रक्ताची नळी या दोन्ही साक्षी महत्त्वाच्या आहेत, पण एकट्याने दोन्ही अपुऱ्या. काटा रोगाचा जोर सांगतो, प्रकार सांगत नाही. नळी एका प्रकारच्या दाहाची वर्दी देते आणि दुसऱ्या प्रकारच्या बंडाबाबत मौन पाळते. आजची निदाने संप्रेरकांच्या आणि प्रतिपिंडांच्या चाचण्यांवर उभी आहेत. तरीही क्वांदे, त्रुसो आणि कोखर यांच्या नोंदींतील खरा धडा उपकरणांच्या आधीचा आहे. क्वांदे यांनी बिघडलेले रुग्ण नोंदवले, त्रुसो यांनी चूक उघड सांगितली आणि कोखर यांनी आपण ‘बरे केलेल्या’ रुग्णांना परत बोलावून पाहिले. १८८३ सालच्या त्या १८ जणांना कोणी पुन्हा बोलावलेच नसते, तर शस्त्रक्रिया यशस्वी झाली एवढेच इतिहासाला माहीत राहिले असते.